चित्रकथेत मिनोवा कोण?

जपानातल्या साकाता गावाच्या पाठीमागे नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं आहेत आणि पुढ्यात समुद्र. अशा गावात पावाचं दुकान काढायची बुद्धी तोकुझो मिनोवाच्या वडिलांना झाली ती युद्ध संपल्यावर. तेव्हा भात मिळत नव्हता आणि अमेरिकेचा मैदा मिळत होता. पुढे भात मिळायला लागला, पण तोवर वडिलांनी भट्टी बांधून टाकली होती, आणि भट्टी काही माघारी देता येत नाही. ती तोकुझोच्या गळ्यात पडली. तो स्वतः हेच सांगायचा, "बाकीच्यांना बापाची शेती मिळते. मला बापाची चूक मिळाली, आणि ती रोज पेटवावी लागते."

पुढची सगळी हकिकतही तो स्वतःच गावभर सांगत असे, आणि दर वेळी स्वतःला आणखी थोडा मूर्ख करून. त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना ती तोंडपाठ आहे.

दुकान स्टेशनजवळच्या बाजारगल्लीत. समोर तोगाशीचं केस कापायचं दुकान, कोपऱ्यावर योने मासेवाली. मिनोवांकडे गोड पुरणाचे पाव, तळलेल्या शेवया भरलेले पाव, आणि शाळांना डब्यासाठी जाणारे लांबट पाव. पीठ मळायचं आणि भट्टी सांभाळायची तोकुझोने; उंडे करून पाव वळायचे त्याची बायको फुसाएने. वडील गेले तेव्हापासून ही वाटणी होती. तोकुझोच्या मते पीठ हा पावाचा आत्मा, बाकी मग आकारउकार, ते बायकांचं किडुकमिडुक काम. हे मत तो पीठ मळता मळता मोठ्याने मांडायचा. मोठ्यानेच मांडावं लागायचं, कारण मळायचं यंत्र बापाच्या वेळचं होतं आणि त्याची घरघर गल्लीच्या टोकापर्यंत जायची. यंत्र बंद झालं तरी तोकुझोचा आवाज खाली येत नसे. सरकार, हवामान, बेसबॉल, मैद्याचा दर्जा, आपल्या तरुणपणी तोक्योच्या एका मोठ्या हॉटेलाने आपल्याला कसं बोलावलं होतं (बोलावलं नव्हतं), सगळं त्याच पट्टीत. फुसाए पाठमोरी उभी राहून पाव वळत राहायची. ती आत डोंगराकडच्या शेतकरी घरातली, कमी बोलणारी. गिऱ्हाईक आलं तर मान लववायची आणि पुन्हा ओट्याकडे वळायची.

एका हिवाळ्यात तोगाशीने दुकानावरची माडीची खोली एका मुलीला भाड्याने दिली. चिझु ओताकी तिचं नाव. पंचविशीची, बारीक, सदा सर्दी झालेली. खोली गार, म्हणून ती येऊन मिनोवांच्या भट्टीशेजारी स्टुलावर बसायची, एक पाव घ्यायची आणि तासन् तास तो पुरवून खायची. मांडीवर वही असायची. तोकुझोला वाटलं, परीक्षेत नापास झालेली आहे बिचारी, घरी तोंड दाखवायला लाज वाटते. तो तिला धीर द्यायचा.

"पोरी, परीक्षा म्हणजे सगळं नव्हे. माझ्याकडे बघ. मी कुठल्या परीक्षेत पास झालो होतो?"

"हो, काका," ती म्हणायची आणि वहीत खाली मान घालायची.

"तरी तोक्योच्या हॉटेलाने बोलावलंच की नाही मला?"

"हो, काका."

वसंतात ती निघून गेली. जाताना फुसाएसमोर फार खाली वाकली आणि रडली. तोकुझोला वाटलं, आपल्या उपदेशाचा हा परिणाम.

वर्षभराने तोगाशी एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात जाडजूड साप्ताहिक घेऊन रस्ता ओलांडून धावत आला. मागे त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी दारात उभं.

"तोकु! अरे तोकु! तुझं दुकान चित्रकथेत आलंय!"

तोगाशी आणि तोकुझो शाळेपासूनचे सोबती. तोगाशीकडे गिऱ्हाइकांसाठी चित्रकथांची साप्ताहिकं असायची आणि ती सगळ्यांत आधी तोच वाचायचा. त्याने पान उघडून दाखवलं. दुकान हुबेहूब होतं, पन्हळीवरचा गंज सुद्धा. वर नाव, 'पहाटेची भट्टी', आणि खाली: चित्रं व कथा, चिझु ओताकी.

"म्हणजे ती नापास नव्हती?" तोकुझो म्हणाला.

"नापास तू. ती चित्रकार होती. आता बघ, यात कोण कोण आहे." तोगाशीने ओल्या बोटाने पानं उलटली. पात्रांची ओळख सुरुवातीलाच चित्रांसकट दिली होती. नायिका मुगी, डोळे बशीएवढे, गावाहून पाव शिकायला आलेली. तिचा वैरी शिओन, पॅरिसहून परतलेला, केस कमरेपर्यंत, पाव करतानाही तोंडात गुलाब. परीक्षक कुरिबायाशी, एका डोळ्याला काच, पावाचा घास घेतला की त्याला पूर्वज दिसतात. मुगीचे गुरू तेत्सुगान उस्ताद, पांढरी दाढी, हाताची घडी, एक शब्द बोलत नाहीत. पाठमोरे उभे राहून डोळे मिटून पाव वळतात आणि तो पाव खाऊन माणसं वैर विसरतात. शेवटी गोरोसुके, पीठ मळायचं जुनं यंत्र. त्याला डोळे आणि तोंड होतं. ते दिवसभर घरघरत बढाया मारायचं, 'सगळे पाव माझेच', आणि ऐन कामाच्या वेळी बंद पडायचं.

तोकुझोने पान नाकाशी धरलं.

"तोगाशी, हा उस्ताद…"

"काय?"

"हा मी आहे."

तोगाशीने चित्राकडे पाहिलं, मग तोकुझोकडे. "याला दाढी आहे."

"दाढी ती कलावंताने लावली. कुणी ओळखू नये म्हणून."

"हा बोलत नाही, तोकु."

"काय बोलायचं ते मी आतल्या आत बोलतो, ते तिला कळलं असणार! आणि एप्रन बघ. एप्रन आमचाच आहे."

एप्रन खरंच मिनोवांचाच होता, खिशावर ठिगळ लावलेला. तोगाशीला घाई होती ती वेगळीच: परीक्षक कुरिबायाशी म्हणजे आपणच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. योने मासेवाली, सत्तरीची, तिने बशीएवढे डोळे पाहून नायिका स्वतःकडे घेतली. "तरुणपणी माझे डोळे असेच होते," ती म्हणाली, आणि तिच्या हातात मासे कापायचा सुरा असल्यामुळे कोणी वाद घातला नाही.

"ते यंत्र तेवढं वैताग आहे," तोकुझो म्हणाला. "कसलं बडबडतं! हिला अशी पात्रं सुचतात तरी कुठून?" आणि गोरोसुकेची एक बढाई वाचून तो पोट धरून हसला. फुसाएने साप्ताहिक हातात घेतलं, सावकाश शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, मिटलं, आणि पुरण घोटायला गेली.

त्यानंतर तोकुझोने दाढी वाढवली. ती पांढरी यायला पाहिजे होती. ती आली करडी, ठिकठिकाणी, जळक्या गवतासारखी. पीठ मळताना तो डोळे मिटू लागला आणि एकदा पाण्याऐवजी व्हिनेगर ओतून बसला. बोलणं बंद करणं मात्र सगळ्यांत अवघड होतं. आपण अबोल आहोत हे गिऱ्हाइकांना कळावं म्हणून तो त्यांना तसं समजावून सांगायचा, बराच वेळ.

"अहो," फुसाए म्हणाली, "दाढीचे केस पिठात पडतायत."

"उस्तादांना असं बोलू नये."

"जाळी बांधा मग." तिने त्याच्या हनुवटीला डोक्यावर बांधायची जाळी बांधली. त्या अवतारात त्याचा फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला: 'चित्रकथेतील तेत्सुगान उस्तादांचे मूळ रूप.' त्याने तो कापून काचेला चिकटवला.

चित्रकथा चालली. लांबलांबून वाचक येऊ लागले, सेंदाईहून, निगाताहून, एक जण तर ओसाकाहून. ते दुकानाचे फोटो काढायचे आणि 'समुद्रधुक्याचा पाव' मागायचे. चित्रकथेत उस्तादांचा हा सगळ्यांत नावाजलेला पाव. तो फोडला की आतून धुकं निघतं आणि खाणाऱ्याला समुद्रपक्ष्यांचे आवाज ऐकू येतात. असला पाव तोकुझोने बापजन्मात केला नव्हता. पण नाही म्हणणं उस्तादाला शोभणारं नव्हतं. तो म्हणाला, "आज संपला." दुसऱ्या दिवशीही संपला. तिसऱ्या दिवशी ओसाकावाला गावातच खोली घेऊन राहिला आणि पहाटे दारात येऊन उभा राहिला, तेव्हा पाव करून पाहणं भाग पडलं.

तोकुझोने पिठात समुद्रशेवाळ घातलं. मग वाफ आत कोंडावी म्हणून पाव ओला असतानाच भट्टीत लोटला. पाव फुटला. दुसरा फुटला नाही, पण बाहेरून कोळसा आणि आत गिच्च. तिसरा त्याने तोगाशीला खायला दिला, कारण परीक्षक तोच होता. तोगाशीने घास घेतला. बराच वेळ चघळला.

"पक्षी ऐकू आले का?" तोकुझोने विचारलं.

"पक्षी नाही. पण पोटात कोणीतरी ओरडायला लागलंय."

फुसाएने हात पुसले, त्याच्या हातातलं पीठ काढून घेतलं, त्यात थोडा चिवट मैदा मिसळला, झाकून ठेवलं आणि तासाभराने साधे गोल पाव वळले, पातळ सालीचे. भट्टीतून काढून फोडले तर आतून खरंच वाफेचा लोट आला आणि त्याला शेवाळाचा, बंदराचा वास होता. ओसाकावाल्याने डोळे मिटून खाल्ला. त्याला पक्षी ऐकू आले की नाही कोण जाणे, पण तो रडला, आणि तोकुझोला लवून म्हणाला, "उस्ताद!"

तोकुझोने हाताची घडी घातली आणि जाळीतल्या दाढीआडून मंद हसला. फुसाए उरलेले पाव पत्र्यावर मांडत होती.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखाने चाललं असतं. पण बाजारगल्लीच्या मंडळाला हुरूप चढला आणि त्यांनी चिझु ओताकीला उन्हाळ्याच्या जत्रेला बोलावलं. ती आली, तशीच बारीक, तशीच सर्दी झालेली. मंडपात गल्लीतले सगळे, बाहेरगावचे वाचक, पुढच्या रांगेत तोकुझो, नवा एप्रन, दाढी विंचरलेली. मंडळाच्या वतीने तोगाशी बोलणार होता. त्याला धीर धरवेना.

"ओताकीबाई, आता एकदाचं सांगून टाका. आमच्यातलं कोण कोण तुमच्या कथेत आहे?"

चिझु लाल झाली. "सांगायलाच पाहिजे का?"

"पाहिजे!" मंडप ओरडला.

"परीक्षक… तो माझ्या साप्ताहिकाचा संपादक आहे. तो जेवताना तसाच करतो." तोगाशी खाली बसला. "मुगी कोणीच नाही. ती मनातली." योनेने नाक मुरडलं. "आणि तेत्सुगान उस्ताद…" चिझु थांबली. तोकुझो उठून उभा राहिला, मान लववायच्या तयारीने. तेवढ्यात चिझु मंडपाच्या मागच्या बाजूला बघत म्हणाली, "उस्ताद म्हणजे फुसाएकाकू."

फुसाए मागे सरबताच्या बादलीपाशी ओगराळं घेऊन उभी होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. तिने ओगराळं खाली ठेवलं आणि कुणी काही मागितलं की काय म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"मी सगळा हिवाळा काकूंची पाठ काढत होते," चिझु म्हणाली. "त्या वळताना हाताकडे बघत सुद्धा नाहीत. अशी पाठ मला दुसऱ्या कोणाची दिसली नाही. बाई म्हणून काढलं असतं तर गावात लगेच ओळखलं असतं, म्हणून दाढी लावली."

दाढी ओळखू नये म्हणून लावली, हा तोकुझोचा तर्क अगदी बरोबर निघाला होता. तो अजून उभाच होता. बसावं की नाही कळेना. कुठल्यातरी शाळकरी पोरीने विचारलं, "मग हे आजोबा कोण आहेत?"

चिझुने नाक पुसलं. "काका, रागावणार नाही ना?"

"मी कशाला रागावू? कलाकाराला मोकळीक असते," तोकुझो म्हणाला, पण मोठ्या आवाजात म्हणायचं ते बारीक आवाजात निघालं.

"तुम्ही गोरोसुके."

आधी तोगाशी हसला. तोगाशी हसल्यावर योने हसली, आणि मग हसू जे सुटलं ते बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल. तोकुझोसुद्धा हसला, कारण सगळे हसत असताना एकट्याने तोंड वाकडं करून उभं राहणं फार अवघड जातं. घरी येऊन मात्र त्याने आधी दाढी काढली, मग काचेवरचं कात्रण काढलं, आणि मग तोंड बंद केलं.

खरोखर बंद केलं. पीठ मळताना अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाशी नाही. आवडता संघ बेसबॉलचा सामना हरला तरी नाही. बडबडं यंत्र म्हणता ना? घ्या, बंद पडलं. त्याला वाटत होतं, दोनचार दिवसांत फुसाए येऊन म्हणेल, अहो, असं काय करता. ती काही म्हणाली नाही. तिचा स्वभावच तसा नव्हता. गिऱ्हाइकं दबकत पाव घेऊन जायची. "मिनोवांकडे कुणी आजारी आहे का?" अशी चौकशी व्हायला लागली. आणि पावही त्या दिवसांत बिघडायला लागले. एक मोठा, एक बारका, पुरण एकीकडे सरकलेलं. तोकुझोच्या ते लक्षात आलं, पण तो मनात म्हणाला, करू दे उस्तादांना काय करायचं ते.

त्याचा रुसवा सोडवला तो बाहेरगावच्या शाळेतून सहलीला आलेल्या पोरींनी. त्या दुकानात शिरल्या आणि त्यांनी फुसाएकडे पाहिलं सुद्धा नाही.

"गोरोसुके कुठाय? गोरोसुके तुम्हीच ना?"

तोकुझोने न बोलता आत, यंत्राकडे बोट दाखवलं.

"ते नाही हो! बोलणारा!" एक जण म्हणाली. "आम्हाला गोरोसुकेच आवडतो. साप्ताहिकात वाचकांची सगळ्यांत जास्त मतं त्यालाच पडतात. उस्तादांपेक्षा जास्त!"

"जास्त?" तोकुझोच्या तोंडून निसटलं.

"कितीतरी! एकदा घरघर करून दाखवा ना, आजोबा."

त्याने फुसाएकडे पाहिलं. तिची पाठ नेहमीसारखीच होती. मग त्याने घसा साफ केला, गाल फुगवले आणि पोटातून अशी घरघर काढली की काचेतले पाव हलले. पोरी किंचाळल्या. "आणि सगळे पाव माझेच आहेत!" तो गोरोसुकेसारखा गरजला, आणि गरजल्यावर त्याला असं हलकं वाटलं की तो दुपारपर्यंत थांबलाच नाही. सरकार, हवामान, मैदा, दोन महिन्यांचं साठलेलं सगळं त्याने बाहेर काढलं.

मग त्याने नवं चालू केलं. 'मी म्हणजे ते यंत्र,' तो ओळख करून द्यायचा. 'उस्ताद ती. मला फक्त पीठ घाला आणि बटण दाबा.' गोरोसुकेचं चित्र असलेल्या चाव्यांच्या साखळ्या बाजारात आल्या तेव्हा त्याने एक एप्रनला लावली, एक तोगाशीला भेट दिली. साप्ताहिक आलं की आधी गोरोसुकेचीच पानं वाचायची. त्याला कमी जागा मिळाली की चिझुला फोन करून तक्रार करायची.

एकदा फोन चिझुचाच आपणहून आला. फुसाएने घेतला, ऐकला, आणि रिसीव्हर तोकुझोकडे दिला.

"काका, वाईट बातमी आहे. गोरोसुके जाणार आहे."

"कुठे जाणार?"

"म्हणजे… मरणार. कथा शेवटाकडे आली. मुगीला आता हाताने पीठ मळायला शिकायचं आहे. ऐन स्पर्धेत गोरोसुके शेवटचं पीठ मळून देतो आणि कायमचा बंद पडतो."

"दुरुस्त करा त्याला! पट्टा बदला! आमच्याकडे पट्टा मिळतो, मी पाठवतो."

"काका, ते मनातलं यंत्र आहे."

"मनातलं आहे म्हणून मारायचं? अगं, त्या शिओनला मार! तोंडात गुलाब घेऊन फिरतो, तो गुलाब अडकू दे घशात!"

"शिओनचे वाचक खूप आहेत," चिझु रडवेल्या आवाजात म्हणाली. "आणि काका, मी चित्रं काढून दिली आहेत. काढताना मी सुद्धा खूप रडले."

तो अंक आला तेव्हा तोगाशीने तो रस्ता ओलांडून धावत आणला नाही. हळूहळू चालत, टोपी काढून आणला. गोरोसुकेने शेवटचं पीठ मळलं होतं, त्याच्या डोळ्यांच्या काचा विझल्या होत्या, आणि शेवटच्या चौकटीत तो म्हणत होता, 'खरं सांगू का, सगळे पाव माझे नव्हते.' तोकुझोने ते उभ्यानेच वाचलं. मग तो आतल्या यंत्रापाशी गेला आणि त्याला तेल घातलं, गरज नसताना.

उत्तरक्रियेची कल्पना तोगाशीची. वाचकांची फुलं येऊन दुकानाबाहेर ढीग झाला होता, फेकवतही नव्हती. तेव्हा देवळात रीतसर मंत्र म्हणवावेत असं ठरलं. भिक्षू दोशुन हसून म्हणाले, "यंत्रासाठी सूत्र म्हणायला हरकत नाही. पण रीतीप्रमाणे त्याला मरणोत्तर नाव द्यावं लागेल, काय द्यावं?" बराच विचार करून त्यांनी दिलं: 'महाघोष-पिष्टप्रिय उपासक'. तोकुझोला ते आवडलं नाही. "त्यात कर्तृत्वाचं काहीच नाही," तो म्हणाला.

थंडीचे दिवस होते. देऊळ भरलं. मधोमध काळ्या चौकटीत गोरोसुकेचं चित्र, समोर उदबत्त्या आणि पाव. चिझु तोक्योहून आली होती आणि चित्राशेजारी बसलेल्या तोकुझोचं लोक सांत्वन करत होते, कारण नातेवाईक म्हणून दुसरं कोण होतं? "फार वाईट झालं," असं लोक म्हणाले की तो म्हणायचा, "शेवटपर्यंत कामात होता." मग लोक उठून चार शब्द बोलू लागले. तोगाशी म्हणाला, मृत यंत्र खोटारडं होतं, पण त्याच्या खोटेपणाने कुणाचं नुकसान झालं नाही. योने म्हणाली, त्याचा आवाज बंदरावर ऐकू यायचा, त्यावरून ती दुकान उघडायची वेळ ठरवायची. तोकुझो अस्वस्थ होत होता. आपल्या उत्तरक्रियेला आपणच बसलोय, असं त्याला वाटायला लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक पुरेसं चांगलं बोलत नव्हते.

तेवढ्यात फुसाए उठली. कोणी तिला बोलवलं नव्हतं. ती चित्रासमोर गेली, उदबत्ती लावली आणि चित्राकडेच बघत बोलली.

"मला बोलता येत नाही. गोरोसुकेला येत होतं. मी या घरात लग्न करून आले तेव्हा सासरे बोलायचे नाहीत. सासूबाई नव्हत्या. समुद्राचा वारा ऐकू यायचा फक्त, मला त्याची भीती वाटायची. गोरोसुके तेवढा बोलायचा. निम्मं खोटं असायचं. पण त्या आवाजात वारा ऐकू यायचा नाही. आवाज असला की हात चालतात, बघावं लागत नाही." ती थांबली. "मागच्या वर्षी तो दोन महिने बंद पडला होता. तेव्हा माझे पाव वाकडे झाले."

सगळ्यांनी तोकुझोकडे पाहिलं. तो उदबत्तीकडे बघत होता.

"पीठ तो चांगलं मळायचा," फुसाए म्हणाली. "मी कधी सांगितलं नाही. तो सांगायचाच सारखं, म्हणून वाटलं, त्याला माहीत आहे." तिने मान लववली आणि जागेवर येऊन बसली.

चिझुला हुंदका आला. तोगाशीने चष्मा काढून पुसला. तोकुझोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. एवढ्या लोकांसमोर बोलायची संधी त्याने जन्मात कधी सोडली नव्हती. पण काही निघालं नाही, साधी घरघरसुद्धा नाही. शेवटी भिक्षू दोशुननीच घंटा वाजवून सूत्र सुरू केलं, आणि मग सगळ्यांना मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शातला कॉड मासा वाढण्यात आला. तो मात्र तोकुझोने दोन वाडगे खाल्ला.

वाटेत बर्फ भुरभुरत होतं. दोघं चालत होती, ती पुढे, तो मागे. दुकानापाशी आल्यावर तो म्हणाला, "फुसाए, तू वळतेस कसं?"

"काय?"

"पाव. मी कधी नीट पाहिलंच नाही."

"तुम्ही बोलत असता," ती म्हणाली. "कुठून बघणार?"

दुसऱ्या दिवशी पीठ मळून झाल्यावर तो तिच्याशेजारी ओट्यापाशी उभा राहिला. तिने एक उंडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दाबला. "दाबू नका," ती म्हणाली. "हात हलका. त्याला कळू द्यायचं नाही तुम्ही काय करताय ते." त्याने हात हलका केला तर उंडा ओट्यावरून घरंगळला. पुरण एकीकडून बाहेर आलं. साठी उलटलेल्या माणसाच्या हातांना नवीन काही शिकवणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं असेल, पण तिने दुसरा उंडा पुढे ठेवला. तोकुझो बोलतच होता. बोलणं थांबवलं तर तिचे पाव बिघडतील, अशी आता त्याला काळजी होती.

त्याचे पाव आजही वेगळ्या पत्र्यावर, खालच्या फळीवर असतात. कुणाला नाक असतं, कुणाला कुबड. तोगाशी त्यातलाच एक घेतो, मैत्रीखातर. परवा स्टेशनवरून आलेल्या एका बाईंनी त्या फळीकडे बोट करून फुसाएला विचारलं, "हे वाकडे कुणी केलेत?"

फुसाए काही सांगायच्या आत आतून तोकुझो ओरडला, "नवा उमेदवार ठेवलाय, बाई! हाताचा जड आहे, पण स्वभावाने बरा आहे. घेऊन जा दोन, त्याला हुरूप येईल."